गुलमर्ग, फेब्रुवारी: हिमस्खलनासाठी काय सामान घ्यावं?

पुणेरी_वाट: फेब्रुवारीत आम्ही तिघं गुलमर्गला चाललोय. स्कीइंग तिघांनाही बऱ्यापैकी येतं. गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्याने अफरवट शिखराकडे जाऊन, राखलेला उतार सोडून बाजूने उतरायचा विचार आहे. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला रेडिओ संदेशावरून शोधायचं यंत्र) वगैरे घ्यावं का? तिघांत मिळून बजेट 15 हजार.

सह्यवेडा: 15 हजारात काय होतंय! मी एअरबॅगवाली सॅक (हिमस्खलनात फुगून माणसाला वर ठेवणारी) घेतली, लाखाच्या वर गेली. घ्यायची तर चांगलीच घ्या.

मीनल_ठाणे: आम्ही डिसेंबरात केदारकांठा (उत्तराखंडमधला ट्रेक) केला, बीकनबिकन काही लागलं नाही. मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे काटे) आणि गेटर्स (बुटात बर्फ न जाऊ देणारी पायपट्टी) बास. थर्मल मात्र चांगली घ्या. नवऱ्याने स्वस्तातली घेतली आणि रात्रभर कुडकुडत बसला.

झुरिककर: केदारकांठा आणि अफरवट एका मापाने मोजू नका. बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं, तिन्ही प्रत्येकाकडे हवं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर जगायची आशा चांगली, मग ती झपाट्याने घसरते. खालून मदत येईपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणजे काढणार तुमचे सोबतीच. शोधताना मोबाईल बीकनपासून लांब ठेवा. इथे आमच्याकडे दावोसच्या संस्थेचं हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन बघितल्याशिवाय कुणी...

सह्यवेडा: तुमच्याकडे सगळं असतंच हो.

रानवारा: फावड्याला +1. ॲल्युमिनियमचंच, प्लास्टिकचं नको. घसरून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा बसतो. पण आधी उतार ओळखायला शिका. 30 ते 45 अंश हा धोक्याचा पट्टा. नवा बर्फ पडून वारा सुटला की एक-दोन दिवस तिकडे फिरकू नका. आणि खड्डा खणून बघा: तळाचा बर्फ दाणेदार असेल, मुठीत दाबून गोळा होत नसेल, तर वरची लादी त्यावरून कधीही सुटेल. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटवर हापतखुडला दोन पोलिश स्कीअर असेच हिमस्खलनात गेले. आपल्याकडे डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचं तसं बुलेटिन असतं, ते बघत जा.

झुरिककर: ते बुलेटिन जिल्ह्याचं. तुमच्या पायाखालच्या उताराचं नव्हे.

निवृत्त_गडकरी: ऑक्टोबर 2022 मध्ये द्रौपदी का दांडा शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचे 29 जण हिमस्खलनात गेले, तेही प्रशिक्षकांसोबत असताना. आणि तुम्ही सामानाच्या याद्या करताय. फेब्रुवारीत महाबळेश्वरला जा, स्ट्रॉबेरी खा.

सह्यवेडा: काका, स्ट्रॉबेरीचे भाव बघितलेत का?

रानवारा: 15 हजारात नवं एक बीकनसुद्धा येणार नाही. तिन्ही वस्तू गुलमर्गलाच भाड्याने घ्या, उरलेल्या पैशांत स्थानिक गाइड. बीकनची बॅटरी आधी तपासा, आणि हॉटेलमागे एक बर्फात पुरून शोधायचा सराव करा.

मीनल_ठाणे: हो, भाड्याने घ्या. मीही तेच म्हणणार होते.

पुणेरी_वाट: सर्वांचे आभार! मित्राच्या भावाकडे जुनं बीकन 9 हजारात मिळतंय, ते घेतोय. उरलेल्यात हेल्मेटवरचा कॅमेरा. गाइड नको, व्हिडिओ बरेच बघितलेत.

झुरिककर: एकच? तिघांत?

मीनल_ठाणे: थर्मलचं काय ठरलं?