उमेदवाराचे परराष्ट्र धोरण आधी ओळखता येते का?

प्रश्न (शिरोली औद्योगिक वसाहत, कोल्हापूर):
2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावरील आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेल्यापासून आमच्याकडच्या फाउंड्रीचालकांच्या बैठकीत तिथल्या निवडणुकीचा विषय हमखास निघतो. 2028 चे उमेदवार परराष्ट्र व्यवहारात काय करतील, याचा अंदाज प्रचारातील भाषणांवरून बांधता येईल का?

उत्तर 1 (राजारामपुरी):
भाषणांवर फार विसंबू नये. अमेरिकेला युद्धापासून दूर ठेवल्याचा डांगोरा पिटत विल्सन 1916 मध्ये पुन्हा निवडून आले आणि 1917 च्या एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. परक्या देशांची घडी बसवणे हे आपल्या सैन्याचे काम नाही, असे 2000 च्या प्रचारात सांगणाऱ्या धाकट्या बुश यांच्याच कारकिर्दीत अफगाणिस्तान आणि इराकमध्ये सैन्य गेले. अर्थात, मध्ये 11 सप्टेंबरचा हल्ला झाला होता.

उत्तर 2 (ताराबाई पार्क):
भाषणांपेक्षा उमेदवारीच्या कितीतरी आधीची मते चाळावीत, कारण तेव्हा मतांची गरज नसते. जपानसारखे श्रीमंत देश अमेरिकेच्या जिवावर आपले संरक्षण फुकटात करून घेतात, ही तक्रार ट्रम्प यांनी 1987 मध्येच वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन मांडली होती. निक्सन यांचा 1972 चा चीन दौरा अनेकांना धक्कादायक वाटला, पण चीनला कायम जगाबाहेर ठेवणे परवडणार नाही, असे त्यांनी 1967 च्या एका लेखात लिहून ठेवले होते. बायडन यांनीही उपाध्यक्ष असताना 2009 मध्ये अफगाणिस्तानात मोठी कुमक पाठवण्यास विरोध केला होता आणि 2021 मध्ये सैन्य पूर्ण मागे घेतले, जरी माघारीचा करार आधीच्या सरकारने केलेला असला तरी.

उत्तर 3 (शाहूपुरी):
मत कितीही जुने असले, तरी ते एकट्या अध्यक्षाला अमलात आणता येते का, हेही पाहावे लागते. तहाला सेनेटचे दोन तृतीयांश बहुमत लागते; विल्सन यांचा व्हर्सायचा तह तिथेच अडला. शुल्काचे मात्र तसे नाही. 1962 च्या व्यापार कायद्याचा आधार घेऊन 2018 मध्ये पोलादावर 25 टक्के शुल्क लावले गेले आणि पक्ष बदलून बायडन आल्यावरही ते सरसकट उठले नाही. म्हणून तुमच्या धंद्यापुरते सांगायचे, तर उमेदवार शुल्क वाढवणार का, यापेक्षा आहे ते उतरवण्याचे तो बोलतो का, याकडे मी लक्ष ठेवीन; पेनसिल्व्हेनियासारख्या पोलादी राज्यात मते मागताना तसे बोलणारा विरळाच.