महामार्गाकाठचं घर आणि मुलांचा दमा : खानदेशातले अनुभव

राष्ट्रीय महामार्ग ५३ भुसावळ, जळगाव, पारोळा करत धुळ्याकडे जातो. वाटेत कित्येक घरं आणि शाळा त्याला खेटून आहेत. मुलांच्या दम्याशी, ॲलर्जीशी ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांनी हाताला आलेलं नेमकं सांगा. घरच्या कहाण्या नकोत, काय करायचं आणि कुठे चुकतं तेवढंच.

परिचारिका, जळगाव
"पोऱ्याले दम लागस" म्हणत आई येते तेव्हा पंप, म्हणजे औषध ओढायचा इन्हेलर, पिशवीत असतोच. चूक असते तो घेण्यात. पंप हलवा, स्पेसरला (पंपाला जोडायच्या पोकळ नळीला) लावा, एकच दाब द्या, मग पाच-सहा सावकाश श्वास. अर्धा मिनिट थांबा, परत हलवा, मग दुसरा. दोन दाब एकदम दिले तर औषध स्पेसरच्या भिंतीलाच बसतं. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला मास्क लागतो, आणि त्याच्या कडेनं हवा निसटता कामा नये. मूल रडत असेल तर औषध आत फार थोडं उतरतं, आधी शांत करा. स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून तसाच निथळू द्या. फडक्यानं आतून पुसला की स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच चिकटतं. रोजच्या स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.
सगळ्यात मोठी चूक म्हणजे खोकला थांबला म्हणून हा रोजचा पंप मनानं बंद करणं. बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत, वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर दिसतायत, तर थेट दवाखाना. वाटेत तातडीचा पंप (रोजचा नव्हे, दम लागल्यावर घ्यायचा) स्पेसरमधून चालू ठेवा.

औषध दुकान, धुळे
पंप साधारण ३० अंशांखाली ठेवायचा असतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. गाडीच्या डिकीत कधीच ठेवू नका, फ्रीजरमध्येही नाही. मोजणीचा आकडा नसलेल्या पंपावर सुरू केल्याची तारीख लिहा. २०० दाबांचा पंप दिवसाला ४ दाबांनी ५० दिवसांत संपतो. औषध उरलंय का हे पाण्यात तरंगवून पाहणं भरवशाचं नाही, रिकाम्या पंपातून नुसता वायूही फुसफुसतो.

हवा मोजणीचं काम, भुसावळ
पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांची, २४ तासांची मर्यादा आपल्या देशात घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. थंडीत सकाळी गार हवा जमिनीलगत बसते आणि धूर वर जात नाही. मुलाचं नाक तर एक्झॉस्टच्या उंचीलाच. रस्त्यापासून शे-दीडशे मीटर आत गेलं की वाहनांचा धूर बराच उतरतो, म्हणून शाळेला आतल्या गल्लीतून न्या. शाळेबाहेर रिक्षा-व्हॅन थांबली की इंजिन बंद, हा आग्रह सगळ्या पालकांनी मिळून धरावा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. एन-९५ मास्क अडवतो, पण धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड वायू नाही, आणि लहान चेहऱ्यावर तो नीट बसतही नाही.
कूलर रस्त्याकडच्या खिडकीत असेल तर तो सगळी धूळ घरात ओढतो. मागच्या बाजूला हलवा. वाळ्याची ताटी दर हंगामात बदला, टाकी रिकामी करून घासा. पावसाळ्यात कूलर बंदच, ओलीनं बुरशी आणि धुळीतले किडे वाढतात.

शेतकरी गट, यावल
गाजरगवत फुलण्याआधी, पावसानं जमीन भिजलेली असताना, हातमोजे घालून उपटा. मुलांना त्या कामाला लावू नका. जिनिंगजवळ (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याजवळ) घर असेल तर हंगामात झाडू नको, ओलं पुसणं.
भरीत पार्टीत काड्यांवर वांगी भाजताना धूर कुठे जातोय ते आधी बघा आणि मुलाला वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब बसवा. विस्तव विझेपर्यंत तो धुमसतो, तेव्हाच सगळे जवळ जाऊन बसतात.