मदत हवी आहे: ट्रिक रूम लागते, तरी टॉर्कोल आधी मारत नाही

उलटी_चाल
गेम पोकेमॉन स्कार्लेट, डबल्स (दोन विरुद्ध दोन), लेव्हल ५०. सुरुवातीला हॅटरीन (मॅजिक बाउन्स) आणि मादी इंडीडी (सायकिक सर्ज), मागे टॉर्कोल आणि अर्सालूना. पहिल्या टर्नला इंडीडीचं फॉलो मी (समोरचे हल्ले स्वतःवर ओढणारी मूव्ह), हॅटरीनची ट्रिक रूम (ती असेपर्यंत मंद पोकेमॉन आधी खेळतो), मग टॉर्कोलचं इरप्शन.

अडतंय ते असं: रूम लागल्यावरही समोरचा अमूंगस टॉर्कोलच्या आधी स्पोर टाकतो आणि टॉर्कोल झोपतो. रिलाबूम समोर असला की त्याचा फेक आउट (समोरच्याला दचकवून त्याची चाल हुकवणारी मूव्ह) कधी हॅटरीनला लागतो, कधी अडतो. फॉलो मी चालू असूनही. शिवाय वर्णनात पाच टर्न लिहिलेत, हाताला चारच लागतात.

टॉर्कोल मॉडेस्ट नेचरचा (नेचर म्हणजे एक आकडा वाढवून दुसरा घटवणारा स्वभाव) आहे, स्पीड ४० दिसतं.

कवचकुंडल
चार टर्नचं आधी उरकतो. ट्रिक रूमची प्रायॉरिटी (मूव्हचा क्रम ठरवणारा आकडा, मोठा तो आधी) उणे ७, म्हणजे ती टर्नच्या अगदी शेवटी लागते, पण तो टर्नही पाचात धरला जातो. पहिल्या टर्नला लावली तर २, ३, ४, ५ हे टर्न तुमचे, आणि पाचव्याच्या शेवटी रूम गेली. गेम बरोबर आहे.

आता टॉर्कोल. ४० हा आकडाच सगळं सांगतो. टॉर्कोलचं बेस (त्या जातीचं मूळ) स्पीड २०. लेव्हल ५० ला बेसची दुप्पट करा, त्यात आयव्ही (जन्मजात गुण, ० ते ३१) मिळवा (ईव्ही, म्हणजे सरावाने कमावलेले गुण, असतील तर त्यांचा चौथा भाग), निम्मं करा, अपूर्णांक सोडा, ५ मिळवा. स्पीड घटवणारं नेचर असेल तर ०.९ ने गुणून पुन्हा अपूर्णांक सोडा. तुमचा हिशोब: ४० + ३१ = ७१, निम्मे ३५, अधिक ५ = ४०. म्हणजे स्पीडचा आयव्ही पुरा ३१ आहे. अमूंगसचं बेस ३०. शून्य आयव्ही आणि स्पीड घटवणारं नेचर असेल तर ३१ येतं. रूममध्ये कमी आकडा आधी खेळतो, म्हणून ३१ वाला ४० वाल्याच्या आधी.

मॉडेस्ट ठेवायचं कारणच नाही. मॉडेस्ट अटॅक घटवतं, क्वाएट स्पीड घटवतं, स्पेशल अटॅक दोन्ही सारखंच वाढवतात. पण नुसती क्वाएट मिंट (नेचरचा परिणाम बदलणारी वस्तू) दिलीत तर ३६ होईल, तरीही अमूंगस पुढे. आयव्हीच कमी हवा. क्वाएट आणि शून्य आयव्ही मिळून २२ येतात.

जजमध्ये (आयव्हीचा अंदाज दाखवणारी सोय) स्पीडपुढे काय दिसतंय? 'बेस्ट' (३१) की 'हायपर ट्रेन्ड' (बॉटल कॅप देऊन चढवलेला)?

उलटी_चाल
'बेस्ट'. रेडमधून (अनेकांनी मिळून एका पोकेमॉनशी करायची लढत) पकडलेला आहे. ३१ चा शून्य करता येतो का?

कवचकुंडल
नाही. ईव्ही असते तर टमाटो बेरीने एका बेरीमागे १० उतरवता आले असते, पण आयव्ही खाली आणायची सोय स्कार्लेटमध्ये नाही. आणि जास्त तारांच्या रेडमध्ये बहुतेक आयव्ही ३१ च असतात, त्यामुळे मंद टॉर्कोल तिथे शोधू नका. दुसरा टॉर्कोल घ्या.

भिंगरी_उणे_सात
दुसरा घ्यायचा तर अंड्यांच्या नादी लागायची गरज नाही, आणि शून्याचा हट्टही नको. क्वाएट नेचरवर आयव्ही १९ पर्यंत चालतो: ४० + १९ = ५९, निम्मे २९, अधिक ५ = ३४, ०.९ ने ३०. अमूंगसच्या ३१ पेक्षा एक कमी, तेवढं पुरे. जजमध्ये 'डीसेंट' म्हणजे १ ते १५ आणि 'नो गुड' म्हणजे शून्य. दोन्हींपैकी काहीही दिसलं तरी ठेवा. समोरून मंद टॉर्कोल किंवा डस्क्लॉप्स (२७) येण्याची धास्ती असेल तरच शून्यासाठी थांबा. तिथेही गंमत अशी की लेव्हल ५० ला आयव्ही ० आणि १ यांचा टॉर्कोल २२ वरच येतो.

रानातले चार-सहा टॉर्कोल पकडा आणि बॉक्समध्ये जजने बघा. निवडलेल्याची अबिलिटी ड्राउट (ऊन पाडणारी) नसेल आणि व्हाइट स्मोक असेल तर अबिलिटी कॅप्सूल द्या. इरप्शन ही टॉर्कोलची एग मूव्ह (लेव्हल वाढून येत नाही, अंड्यातून येते). नव्याची मूव्हची एक जागा रिकामी करा, त्याला मिरर हर्ब धरायला द्या आणि इरप्शन येणाऱ्या जुन्या टॉर्कोलला पार्टीत ठेवून पिकनिक करा. तिथेच शिकतो.

मग क्वाएट मिंट. चॅन्सी सप्लाय दुकानात २०,००० ला मिळते. शेवटी माँटेनेव्हेरा गावात हायपर ट्रेनिंग, त्याला लेव्हल ५० लागते. साध्या बॉटल कॅप चार: एचपी, डिफेन्स, स्पेशल अटॅक, स्पेशल डिफेन्स. गोल्ड बॉटल कॅप चुकूनही नको. ती सगळे आकडे एकदम चढवते, त्यात स्पीडही, आणि ते परत फिरत नाही.

तोवर जुन्यालाच सेफ्टी गॉगल्स द्या. स्पोर लागत नाही आणि अमूंगसचं रेज पावडरही (फॉलो मीसारखीच मूव्ह) त्याला ओढू शकत नाही. माझ्या मते नवा टॉर्कोल आला तरी गॉगल्स काढू नयेत. झोप लागली तर एक ते तीन टर्न जातात, आणि तुमच्याकडे आहेत चार.

धुरकट
फेक आउटचं मी सांगतो. फॉलो मीची प्रायॉरिटी २, फेक आउटची ३. इंडीडी लक्ष वेधून घेईपर्यंत फेक आउट लागून गेलेला असतो. त्यामुळे फॉलो मीवर इथे भरवसा नकोच, हॅटरीनला वाचवतं ते इंडीडीच्या सायकिक सर्जने लागणारं सायकिक टेरेन. जमिनीवरच्या पोकेमॉनवर समोरून येणारी प्रायॉरिटी मूव्ह ते चालू देत नाही.

कधी अडतो, कधी लागतो, याचं कारण रिलाबूमचं ग्रासी सर्ज, ते त्याचं ग्रासी टेरेन लावतं. मैदानावर एका वेळी एकच टेरेन राहतं. सुरुवातीला वेगवान पोकेमॉनची अबिलिटी आधी चालते, म्हणून जो मंद त्याचं टेरेन टिकतं. मादी इंडीडी आणि रिलाबूम, दोघांचंही बेस स्पीड ८५! आयव्ही ३१, नेचर स्पीडला न छेडणारं आणि ईव्ही शून्य असेल तर दोघं १०५ वर येतात, आणि मग दर सामन्याला नाणेफेक. तुमचं तेच होत असणार.

उपाय स्वस्त आहे. इंडीडीला रिलॅक्स्ड किंवा सॅसी मिंट द्या, आयव्ही ३१ असला तरी ९४ होतं. फॉलो मीला स्पीड लागतच नाही, त्यामुळे तोटा काही नाही.

उलटी_चाल
आणि समोरच्याने रिलाबूमही मुद्दाम मंद ठेवला असेल तर?

धुरकट
तर हॅटरीनला कव्हर्ट क्लोक. फेक आउटचं थोडं नुकसान होईल, पण ती दचकणार नाही आणि रूम लागेल. टॉन्टसाठी (ट्रिक रूमसारख्या मूव्ह बंद पाडणारी मूव्ह) मेंटल हर्ब लागत नाही, मॅजिक बाउन्स तो परत पाठवतं.

रूम लावायला हॅटरीनऐवजी फॅरिजिराफ घेतलात तर आर्मर टेलमुळे टेरेनची कटकट जाते, स्वतःवर आणि जोडीदारावर येणाऱ्या प्रायॉरिटी मूव्ह ती थांबवते. पण मग रोअर आणि व्हर्लविंड यांच्याकडे लक्ष ठेवा. त्यांची प्रायॉरिटी उणे ६, रूमच्या एक पायरी आधी. फॅरिजिराफ रूम न लावताच बाहेर फेकला जातो. हॅटरीन त्या दोन्ही उलटवते.

भिंगरी_उणे_सात
एक राहिलं. पाचव्या टर्नला "रूम वाढवू" म्हणून पुन्हा ट्रिक रूम वापरू नका. चालू रूमवर तीच मूव्ह लावली की रूम बंद होते, मुदत वाढत नाही. पाचव्याला हॅटरीनने प्रोटेक्ट करावं आणि सहाव्याला नव्याने लावावी. मात्र तो सहावा टर्न साध्या क्रमाने चालतो, म्हणजे टॉर्कोल सगळ्यांत शेवटी. त्याचा एचपी उतरला की इरप्शनची १५० ची ताकद त्याच प्रमाणात उतरते, म्हणून सहाव्याला टॉर्कोलनेही प्रोटेक्ट करणं बरं.