गडद लाल गार्नेटसाठी कोंदण कोणते करावे?

प्रश्न: आजीच्या पदकातला ८ मिलिमीटरचा लंबगोल गार्नेट अंगठीत बसवायचा आहे. उन्हात तो डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसतो, सावलीत मात्र जवळजवळ काळा. सोनार २२ कॅरेटमध्ये मागून बंद कोंदण सुचवतात. अंगठी रोज वापरायची आहे. काय करावे?

उत्तर १: मागची बाजू बंद करू नका. गडद खड्याला खालून आणि बाजूंनी जितका उजेड मिळेल तितका त्याचा लाल रंग उघडतो. म्हणूनच जुने कारागीर गोल घुमटाकार गार्नेट मागून पोखरून पातळ करीत, किंवा बंद कोंदणात खड्याखाली चकाकता वर्ख घालीत. त्या वर्खाला पाणी लागले की तो काळवंडतो, त्यामुळे रोजच्या अंगठीत त्याचा विचारही करू नये. (गार्नेट हे नावच डाळिंबाच्या लॅटिन नावावरून आले आहे, तेव्हा आपली उपमा अचूक आहे.)

उत्तर २: खुल्या पाठीशी सहमत, पण चार नखांची (खडा वरून धरणाऱ्या सोन्याच्या टोकांची) पकड नको. गार्नेटची कठीणता मोहस मापावर (खनिजांच्या कठीणतेचे १ ते १० असे माप) साधारण ६.५ ते ७.५, म्हणजे माणकाच्या ९ पेक्षा बरीच कमी, आणि कडा ओट्यावर आपटून टवका उडू शकतो. भोवती पातळ, बुटकी पट्टी आणि खाली मोकळी जागा ठेवा. २२ कॅरेट सोने मऊ असते. पट्टीला ते चालेल, नखे करायचीच असतील तर १८ कॅरेट घ्यावे.

प्रश्नकर्ती: पट्टीचे कोंदण आणि खुली पाठ, असे सोनारांना सांगते.