इसेचं मंदिर जुनं की नवं?

वर विचारलंय, की जपानमधल्या इसे जिंगू या शिंतो देवस्थानाची मुख्य मंदिरं दर 20 वर्षांनी नवी बांधतात, मग परंपरा तेराशे वर्षांची कशी? माझ्या मते तिथे टिकवलंय ते बांधण्याचं कसब. विशीत शिकाऊ म्हणून हाताखाली राबलेला सुतार पुढच्या खेपेला चाळिशीत मुख्य कामं करतो आणि साठीत नव्या पोरांना शिकवतो. पहिली पुनर्बांधणी इ.स. 690 मधली, 62वी 2013 मधली, पुढची 2033 मध्ये. मध्ये युद्धांच्या काळात शंभराहून जास्त वर्षं खंड पडला होता, हेही सांगायला हवं. तरी धागा पुन्हा जोडला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गेकूत, म्हणजे अन्नदेवता तोयोउके हिच्या मंदिरात, मी सर्वात जास्त वेळ थांबलो तो शेजारच्या रिकाम्या जागेपाशी. नुसते गोटे पसरलेले आणि त्यात एक इवलीशी लाकडी छपरी. मधल्या पवित्र खांबाची जागा ती झाकून ठेवते. पुढचं मंदिर तिथेच उभं राहणार.

आणि जुनं लाकूड वाया जात नाही बरं का! आढं पेलणारे हिनोकीचे, म्हणजे जपानी सायप्रसचे, मोठे खांब तासून देवस्थानात शिरतानाच्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या तोरी, म्हणजे कमानी, करतात. वीस वर्षांनी तेच खांब कुवाना आणि सेकी इथल्या तोरींना जातात. नव्या मंदिराभोवती पांढरे गोटे मात्र गावकरी स्वतःच्या हातांनी नेऊन ठेवतात.