भ्रूण लिहू की गर्भ? (संमतीपत्रातली अडचण)

मोगरी
वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या एका दवाखान्याची संमतीपत्रं मराठीत करून देतेय. बाकी सगळं जमलं, एका वाक्यात अडलंय. बशीत फलन करून तयार केलेल्यांपैकी पेशंटच्या गर्भाशयात सोडून उरलेले एम्ब्रिओ गोठवायचे, संशोधनाला द्यायचे की नष्ट होऊ द्यायचे, यावर जोडप्याने खूण करायची असते. मी लिहिलं, 'उरलेले भ्रूण नष्ट करण्यास आमची संमती आहे'. तिथल्या समुपदेशक ताईंनी वाचलं आणि कागद बाजूलाच ठेवला. म्हणाल्या, "अहो, गावोगावच्या भिंतींवर 'स्त्रीभ्रूणहत्या महापाप' रंगवलंय आणि आपण ही सही घ्यायची?" त्यांच्या मते 'गर्भ' लिहावं. पण गर्भ पोटात असतो. हे बशीत आहे, पाच दिवसांचं. काय लिहू?

तिरकस
भ्रूणच. फलनापासून आठ आठवडे भ्रूण, तिथून पुढे गर्भ. चूक आहे ती भिंतीवर. सोनोग्राफीत लिंग दिसायला लागतं ते साधारण बारा आठवड्यांनंतर, म्हणजे 'स्त्रीगर्भहत्या' म्हणायला हवं होतं. घोषणा रंगवणाऱ्यांनी शब्द नासवला म्हणून आपण का सोडायचा?

अनुस्वार
आठ आठवडे फलनापासून आणि बारा कुठून? डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यात फलनाच्या आधीचे दोन आठवडे फुकट धरलेले असतात. त्या हिशोबाने तुमचं भ्रूणपण दहाव्या आठवड्यापर्यंत जातं. आधी एक फूटपट्टी ठरवा, मग भिंती पुसा.

तिरकस
दहा धरा. बारा दहाच्या पुढेच येतात ना?

वहीतली पानं
'भ्रूण' भिंतीवर जाऊन नासला असं नाही. भ्रूणहन् हा शब्द वैदिक काळापासून घोर पातक्यासाठी आहे, आणि धर्मसूत्रांत भ्रूण म्हणजे विद्वान ब्राह्मण असाही अर्थ येतो. तीन हजार वर्षं या शब्दाच्या शेजारी 'हत्या' बसलेली आहे. तुमच्या ताईंचे कान बरोबर आहेत.

गुरांचा डॉक्टर
आमच्याकडे या शब्दाला कुणी घाबरत नाही. जातिवंत गाईच्या गर्भाशयातून सातव्या दिवशी भ्रूण धुवून काढायचे आणि दुसऱ्या गाईत सोडायचे, याला भ्रूण प्रत्यारोपणच म्हणतात. गोठ्यावर शेतकरी सहज विचारतो, "डॉक्टर, भ्रूण बसला का?" बसला तर गाय फळली. नाही बसला तर आधीच्या माजापासून वीस-एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते, म्हणजे उलटली. इतके नेमके शब्द माणसांच्या दवाखान्यात मला तरी ऐकू आले नाहीत. तिथे आपलं 'सायकल फेल गेली'.

हिरवी मिरची
सुनेला 'उलटली' म्हणून बघा, मग कळेल नेमकेपणा. :)

गुरांचा डॉक्टर
ताई, म्हणा असं कुठे म्हणतोय? पण 'फलन' म्हणजे 'फळणे'च की. एकाने संस्कृताचा कोट घातला, दुसरा गोठ्यात राहिला. तसंच 'भरवणे'. गाय भरवली म्हणजे रेतन करून आणली. माझा तर्क: भृ धातूवरून भरणे, त्याच भृवरून भ्रूण. म्हणजे भ्रूण म्हणजे भरवलेला. घ्या.

वहीतली पानं
भृ म्हणजे धारण करणे, पोसणे. भ्रूणाशी त्याचं नातं बरेच जण जोडतात, हरकत नाही. पण तुमचं 'भरवणे' म्हणजे आत भरणे, ते धारण करणं नव्हे. ओढूताणून आहे.

गुरांचा डॉक्टर
पोराला घास भरवतात तो पोसायलाच ना?

अवंती
मूळ प्रश्नाकडे येऊ का? पाच दिवसांच्या अवस्थेला वेगळं नाव दिलं तर भ्रूण टाळता येईल. गर्भोपनिषदात क्रम दिलाय: एका रात्रीचं ते कलल, सात रात्रींचं बुद्बुद, पंधरवड्यात पिंड, महिन्यात कठीण. पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट असतो कसा? शंभरेक पेशींचा पोकळ गोळा, आत पाणी. बुडबुडाच की! 'उरलेले बुद्बुद' लिहा.

तिरकस
आलं. आता 'आपल्या ऋषींना सूक्ष्मदर्शकाशिवाय' सुरू होणार. सस्तन प्राण्याचं बीजांड भ्रूणशास्त्रज्ञ फॉन बेअरने पाहिलं १८२७ साली, तेही कुत्रीचं. सुश्रुतसंहितेत दुसऱ्या महिन्यात पिंड असेल तर मुलगा, पेशी असेल तर मुलगी, अर्बुद असेल तर नपुंसक असं दिलंय. तेही घालायचं का संमतीपत्रात? गर्भलिंगनिदान कायद्याखाली आत जाल.

अवंती
मी विज्ञान मागितलं नाही, शब्द मागितला. ब्लास्टोसिस्टच्या आधीच्या भरीव गोळ्याला मोरुला म्हणतात, म्हणजे तरी काय, तुतीचं फळ. दिसलं तसं नाव ठेवलं. आपण ठेवलं की लगेच पुनरुत्थानवाद?

अनुस्वार
जुने शब्द आता मोकळे नाहीत ही खरी अडचण. 'पेशी' मराठीत सेलला दिला, हिंदीत त्यासाठी कोशिका आहे. 'अर्बुद' गाठीकडे गेला. 'पिंड' म्हटलं की लोक कावळा शोधतात. राहता राहिला 'बुद्बुद', आणि लाखभर रुपये भरून आलेल्या बाईला तुम्ही सांगणार की तुझा बुडबुडा गोठवलाय.

हिरवी मिरची
आणि चार दिवसांनी तो फुटला असाही फोन करणार. नको गं बाई.

मोगरी
शुक्रवारी मजकूर द्यायचाय हो. २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याप्रमाणे दहा वर्षांच्या पुढे ठेवताच येत नाहीत, त्यामुळे 'नष्ट' गाळता येणार नाही. मूळ इंग्रजी कायद्यात मात्र 'नाश पावू द्यावेत' अशी रचना आहे. 'करणे' काढून 'होऊ देणे' लिहिलं तर धार थोडी कमी होईल का?

नर्मदाकाठ
सरळ 'एम्ब्रिओ' लिहा. दवाखान्यात सगळ्या बायका तेच म्हणतात. माझ्या बहिणीच्या वेळी अख्ख्या वॉर्डात 'माझे पाच एम्ब्रिओ, दोन चांगल्या ग्रेडचे' असं चालायचं, जशी दहावीची टक्केवारी. भ्रूण एकीच्याही तोंडी नव्हता.

तिरकस
मग कागद मराठीत करताय कशाला? विभक्ती प्रत्ययांपुरता?

नर्मदाकाठ
सही करणाऱ्या बाईला कळावं म्हणून. तुम्हाला कळावं म्हणून नाही.

वहीतली पानं
+१. 'टेस्ट ट्यूब बेबी' लोकांनी पचवलाच की. १९८६ साली केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून ते बाळ झालं, तेव्हापासून घराघरात आहे. फलन होतं बशीत, नळीचा काही संबंध नाही. शब्द चुकीचा आणि कुणाचं काही अडलं नाही.

अनुस्वार
'एम्ब्रिओ' घेतलात तरी एक गोष्ट राहते. पाचव्या दिवशीच्या त्या गोळ्यातला आतला पुंजका तेवढा पुढे बाळ होतो. बाहेरच्या थराची मुख्यतः वार होते. जनुकीय तपासणीला पेशी काढतात त्या बाहेरच्या थरातून. म्हणजे तुम्ही ज्याला भ्रूण म्हणता त्यात वारही आली.

हिरवी मिरची
वार म्हणजेच नाळ ना?

गुरांचा डॉक्टर
नाही ताई. नाळ म्हणजे दोरी, वार म्हणजे ती जिथे रुजते ते. गाईची बारा तासांत पडली नाही तर अडकली म्हणतात. आमच्याकडे वारीला जारही म्हणतात.

हिरवी मिरची
मग 'त्या गावात माझी नाळ पुरलीय' म्हणतात ते? नाळेचा तुकडा तर बाळाच्या बेंबीवरच वाळतो आणि आठ-पंधरा दिवसांनी गळतो. आमची आजी परड्यात खड्डा घेऊन पुरायची ती वार, वर दगड ठेवायची, कुत्र्याने उकरू नये म्हणून.

वहीतली पानं
नाळ वारेला जोडलेलीच असते. पुरताना दोन्ही जातात.

गुरांचा डॉक्टर
'वारेला' की 'वारीला'? आमच्या भागात 'वारीला'.

तिरकस
'वारीला' पंढरपूरला जातात.