प्रतिसाद: इंदूर-पुणे, गाडी यायची आहे पण नकाशा तयार आहे

इंदूरहून इलेक्ट्रिक गाडीनं एका चार्जमध्ये पुणं गाठता येईल का, असं विचारलंत. नाही हो. ४५ युनिटच्या बॅटरीत हायवेवर २८०-३०० किलोमीटर धरा, कंपनीचा आकडा विसरा.

माझीही गाडी बुक आहे. डीलरचं 'पुढच्या आठवड्यात' ऐकून कान किटले, म्हणून रात्री नकाशाच उघडून बसतो. बायको म्हणते, गाडीआधी चार्जरच पाठ झाले!

जाताना मानपूरचा घाट उतरून खलघाटला नर्मदा येते, त्या उतारावर रीजनमुळे (उतारावर मोटरच बॅटरी थोडी परत भरते) बॅटरीचे टक्के जेमतेम पडतात. त्याला भुलू नका. पुढे सेंधव्यानंतर बिजासन घाट आहे. पहिला थांबा सेंधव्यालाच घ्या, इंदूरहून साधारण दीडशे किलोमीटर. चाळीस टक्के उरलेले असताना चार्जर बंद निघाला, तर धुळे गाठता येतं. दहा टक्क्यांवर तसं झालं तर जीव टांगणीला. प्रत्येक थांब्याला पुढचा पर्याय हवाच. ऐंशी टक्क्यांपुढे डीसी (जलद) चार्जिंग रेंगाळतं, म्हणून ऐंशीलाच निघा.

येताना उलट. नर्मदेपासून माळव्याच्या पठारापर्यंत सुमारे ४०० मीटर चढ, म्हणजे दोनेक युनिट जास्तीचे. फार नाही, पण सगळं सामान, चार माणसं आणि मे महिन्यातला एसी धरलात तर टक्के भराभर उतरतात.

गाडी चार्ज करायच्या घरच्या १५ अँपियर सॉकेटचं अर्थिंग मात्र आत्ताच इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आमच्या जुन्या वाड्यात ते नावापुरतंच निघालं.